एफआरपी पट्टी तुटत नाही, सुटते

काँक्रीटच्या तुळईच्या खालच्या बाजूस कार्बन तंतूंची पट्टी इपॉक्सीने चिकटवली, की तिची वाकण पेलण्याची क्षमता वाढते. स्वित्झर्लंडमधील ईबाख पुलावर १९९१ मध्ये १७५ किलो पोलादाचे काम ६.२ किलो पट्ट्यांनी केले. तरीही प्रयोगशाळेत अशी तुळई मोडताना पट्टी सहसा तुटत नाही. ती अचानक सुटून येते. यालाच विलगन म्हणतात.

सुटलेली पट्टी उलटी करून पाहा. तिला काँक्रीटचा पातळ थर चिकटलेला असतो. म्हणजे इपॉक्सीने दगा दिलेला नाही, लगतचे काँक्रीट फाटले आहे.

असे का होते? भेग उघडते तिथे पट्टीवर मोठे ओढबल येते आणि ते शेजारच्या काँक्रीटकडे कर्तन प्रतिबलातून जाते. काँक्रीटला ते झेपले नाही, की विलगन भेगेपासून पट्टीच्या टोकाकडे सरकू लागते. खुद्द टोकाशी सळयांखालचे आवरणच निघू शकते; म्हणून तिथे 'यू' आकाराचे वेढे देतात.

आता आकडेमोड करू. एसीआय ४४०.२आर नुसार

विलगन विकृती = ०.४१ × √[काँक्रीटचे दाबबल ÷ (थरांची संख्या × पट्टीचा प्रत्यास्थता गुणांक × एका थराची जाडी)]

एम२५ काँक्रीट घ्या. सूत्रात घनाचे नव्हे, वृत्तचितीचे बळ लागते. ते साधारण ०.८ पट, म्हणजे २० मेगापास्कल. (परीक्षेत इथेच गुण जातात.) गुणांक १,६५,००० मेगापास्कल, जाडी १.२ मिमी, थर एक. उत्तर येते ०.००४१. पट्टीची तुटण्याची विकृती ०.०१७ धरली, तर जेमतेम पाव भाग वापरात आला. दोन थर लावले, तर विकृती ०.००२९ वर उतरते. खर्च दुप्पट, पण ओढबल फक्त १.४१ पट. पट्टी लांबवूनही ठरावीक मर्यादेपुढे पकड वाढत नाही. चेन आणि तेंग यांच्या सूत्राने वरील उदाहरणात ती मर्यादा सुमारे २१० मिमी येते.

मुंबई-कोकणातील जुन्या इमारतींत ही गोष्ट अधिक जपावी लागते. सळई गंजून फुगली, की आवरण आतून सुटते. त्यावर चिकटवलेली पट्टी सुटलेल्या खपलीलाच धरून राहते. म्हणून आधी हातोडीने ठोकून पाहा. पोकळ आवाज येईल तेवढा भाग काढा, गंज साफ करून दुरुस्ती करा आणि मग ओढ-चाचणी घ्या: पृष्ठभागावर धातूची चकती चिकटवून ती सुटेपर्यंत ओढायची. किमान १.४ मेगापास्कल मिळाले पाहिजेत, आणि फाटायला हवे काँक्रीट. चकतीखाली इपॉक्सी स्वच्छ सुटून आली, तर पृष्ठभाग पुन्हा घासून घ्यावा लागेल.