जुन्या मोटारीतील स्पार्क प्लगची आवळण

अकोल्याहून राजूरमार्गे भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या चढावर एखादी जुनी फियाट वा पद्मिनी धापा टाकू लागली, की दोष बहुधा पेट्रोलाला दिला जातो. स्पार्क प्लग किती आवळलेला आहे, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः तो विचार प्रथम व्हावयास हवा.

प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात निघालेल्या या गाड्यांच्या १०८९ घन सेंटिमीटर एंजिनाचा ठोकळा बिडाचा, परंतु वरचे हेड अॅल्युमिनियमचे असते. मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. हौशी मालकांपाशी मात्र ती अद्याप आहे. मऊ अॅल्युमिनियममधील आट्यांत पोलादी प्लग बसवावयाचा, हेच येथील सर्व अडचणींचे मूळ होय.

प्लगची आवळण दोन कामे करते. ज्वलनवायू कोंडून धरणे हे पहिले. दुसरे काम सहसा ध्यानात येत नाही: प्लगच्या टोकाची उष्णता मुख्यतः आटे व बैठक यांवाटेच हेडमध्ये उतरते. प्लग सैल असेल, तर ही वाट खुंटते. लांब चढावर एंजिनावर पूर्ण भार असताना टोक तापून लाल होते आणि ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेट घेते. अशा अकालज्वलनाने पिस्टनलाही भोक पडू शकते.

उलट, अति आवळल्यास हेडचे आटे उखडतात. आट्यांचे अंतर १.२५ मिलिमीटर असते. म्हणजे अर्ध्या फेऱ्यात प्लग सुमारे ०.६ मिलिमीटर खाली सरकतो व नवा पोकळ वॉशर तेवढाच चेपला जातो. म्हणून प्लग प्रथम बोटांनी बैठकीपर्यंत फिरवावा आणि मग पान्याने अर्धा फेरा द्यावा. वॉशर एकदा चेपलेला असल्यास फेऱ्याचा बारावा भाग पुरे. पीळ मोजणारा पाना असल्यास २५ ते ३० न्यूटन-मीटर ही मर्यादा समजावी. बोटांनीच प्लग अडू लागला, तर आटे तिरके धरले आहेत असे समजून तो उलटा फिरवून काढावा. तेथे पान्याचा जोर लावणे हा शुद्ध अविचार होय.

आट्यांना तेल लावण्याची सर्रास चाल आहे. दिलेल्या पिळाचा सुमारे नऊ-दशांश भाग घर्षणात खर्च होतो व उरलेल्या अल्पांशानेच ताण निर्माण होतो. घर्षण थोडे घटले, तरी त्याच पिळात ताण पुष्कळ वाढतो. तेव्हा आटे स्वच्छ व कोरडे असणेच बरे.

प्लग काढणे ते एंजिन निवल्यावरच. तत्पूर्वी भोवतालची धूळ फुंकून टाकावी, नाहीतर ती सिलिंडरात पडते; आपल्याकडील उन्हाळ्यात ही सूचना गौण नव्हे. एका वेळी एकच प्लग काढावा, म्हणजे तारांचा क्रम बदलत नाही. पाना तिरपा झाल्यास चिनी मातीसारखे दिसणारे आवरण तडकते, आणि ती तड पुष्कळदा डोळ्यांना दिसतही नाही.