रोमँटसी: ड्रॅगनच्या प्रेमकथा मुलींना का आवडतात? उत्तर १८६८ सालच्या मराठी कादंबरीत आहे

समजा, चिंचोळी एमआयडीसीतली पाळी संपवून तुम्ही सोलापूरच्या गाडीत बसलात. हातात मोबाईल, मोबाईलमध्ये कादंबरीचा पुढचा भाग. नायिका राजवाड्यात कैदेत आहे, दाराशी शत्रूचा सेनापती उभा आहे आणि नेमका तोच तिला आवडायला लागलाय. तुमचा स्टॉप येतो, भाग मात्र संपलेला नसतो.

अशा कथांना सध्या ‘रोमँटसी’ म्हणतात. ‘असलं काय वाचायचं?’ म्हणून नाकं मुरडणारेही कमी नाहीत. मग वाचणाऱ्यांना, त्यातही मुलींना, यात सापडतं तरी काय?

रोमँटसी म्हणजे नेमकं काय?

रोमान्स अधिक फॅन्टसी. एरवीच्या फॅन्टसीत राज्य वाचवणं महत्त्वाचं, प्रेम तोंडी लावण्यापुरतं. रोमँटसीत मात्र दोन्ही धागे एकमेकांत विणलेले असतात. एक ओढला की दुसरा उसवतो.

सारा जे. मास यांची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ २०१५ मध्ये आली, तर रेबेका यारोस यांची ‘फोर्थ विंग’ २०२३ मध्ये. त्याच मालिकेतल्या ‘ऑनिक्स स्टॉर्म’च्या जानेवारी २०२५ मध्ये पहिल्याच आठवड्यात २७ लाख प्रती खपल्या.

‘फोर्थ विंग’च्या व्हायोलेटला पुस्तकांच्या जगात राहायचं असतं. पण सेनापती असलेली आई तिला ड्रॅगनस्वारांच्या कॉलेजात पाठवते. करिअर घरच्यांनी ठरवलं, इथपर्यंत गोष्ट आपल्या शेजारच्या घरातली वाटते. पुढे मात्र ती स्वतः निर्णय घ्यायला लागते.

मराठीत हे नवीन आहे का?

अजिबात नाही. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. तिचा विषय विधवांचे हाल, म्हणजे कठोर वास्तव. त्यानंतर लाट आली ती अद्भुतरम्य कादंबऱ्यांची. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. कटकारस्थानं, ताटातूट, संकटं आणि शेवटी मीलन असा सगळा मामला.

रिसबुडांनी प्रस्तावनेत याचं कारणच सांगून टाकलं. आपल्याकडच्या लग्नाच्या रीती आणि इतर काही कारणांमुळे रोजच्या आयुष्यात लेखकाला रंगवण्यासारखं फार काही सापडत नाही, म्हणून मनोरंजक लिहायचं तर अद्भुताकडेच वळावं लागतं, असा त्यांच्या म्हणण्याचा मतलब.

त्या काळात हे शब्दशः खरं होतं. १८६० च्या दंड संहितेत विवाहित मुलीचं संमतीवय होतं फक्त १० वर्षं. ते १८९१ मध्ये १२ झालं. खेळण्याच्या वयात लग्न लागत असेल, तर आवडणं, रुसणं, नकार देणं याला जागाच कुठे होती? त्यासाठी दुसरं राज्य कल्पावं लागलं.

मग आज काय बदललं?

बरंच बदललं, पण सगळं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या महिलांपैकी सुमारे २२ टक्के महिलांचं लग्न १८ वर्षांच्या आत झालं होतं. सोलापूर जिल्ह्यात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं. शिवाय सज्ञान मुलीलाही जात, पत्रिका आणि ‘लोक काय म्हणतील’ ओलांडूनच आपली पसंती सांगावी लागते.

रोमँटसीची खरी जादू इथे आहे. ड्रॅगन दिसतो, पण वाचकाला धरून ठेवतो तो नायिकेचा निर्णय. तिला वेळ मिळतो. ती आधी भांडते, पारखते, मग हो म्हणते. नाही म्हणाली तरी गोष्ट तिला संपवत नाही.

म्हणजे सगळंच छान?

तसंही नाही. अनेक कथांमधला नायक पाळत ठेवतो, धमकावतो आणि त्यालाच प्रेमाचं नाव मिळतं. खऱ्या आयुष्यात असा माणूस भेटला, तर तो धोका असतो. त्यामुळे वाचताना एक प्रश्न जवळ ठेवावा: इथे निवड तिची आहे, की फक्त त्याची?

आणि घरातली मुलगी रात्री उशिरापर्यंत असं काही वाचत असेल, तर मोबाईल काढून घेण्याआधी तिला विचारून बघा, त्या नायिकेचं तिला काय आवडलं. तिच्या स्वतःच्या लग्नाबद्दलचं मतही कदाचित त्याच उत्तरात मिळेल.