‘हेडिंग थोडं मोठं कर ना!’

फेस्टला चार दिवस उरलेत. पोस्टर, स्टोरी, स्टँडी, पास, सर्टिफिकेट असं सगळं धरून फिग्माच्या फाइलमध्ये साठ-सत्तर फ्रेम झाल्यात. आणि रात्री साडेअकराला ग्रुपवर मेसेज पडतो, ‘हेडिंग थोडं मोठं कर ना, फॉन्ट पण जरा हटके घे.’ यातल्या ‘जरा’ची किंमत कमिटीला कधीच कळत नाही. डिझाइन टीममधल्याला मात्र पक्की ठाऊक असते. एकेक फ्रेम उघडा, टेक्स्ट निवडा, आकडा बदला, पुढच्या फ्रेमवर जा.

हे काम आता एआय एजंटला सांगता येतं, तेही साध्या वाक्यात. ‘सगळ्या पोस्टरांवरची तारीख बोल्ड कर, साइज ३२ कर आणि उपशीर्षकाला मुक्ता फॉन्ट लाव’ असं चॅटमध्ये लिहायचं आणि समोरच्या फाइलमध्ये अक्षरं बदलताना बघत बसायचं. पहिल्यांदा बघताना भारीच वाटतं.

यामागे एमसीपी नावाची गोष्ट आहे. पूर्वी एआय मॉडेलला प्रत्येक सॉफ्टवेअरशी बोलायला वेगळा दुभाषा लागायचा. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने सगळ्यांना वापरता येईल अशी एक सामायिक बोली जाहीर केली, तीच ही एमसीपी. फिग्माने स्वतःचा एमसीपी सर्व्हर २०२५च्या जूनमध्ये आणला, पण सुरुवातीला त्याचा भर डिझाइन वाचून त्यावरून कोड लिहिण्यावर होता. फाइलमध्ये घुसून बदल करणारी टूल्स त्याआधीच स्वतंत्र डेव्हलपरांनी ओपन सोर्स करून टाकली होती. ‘टॉक टू फिग्मा’ हे त्यातलं गाजलेलं नाव. यात तुमच्या लॅपटॉपवर एक छोटा सर्व्हर चालतो आणि फिग्मात एक प्लगइन. क्लॉड किंवा कर्सरसारखं टूल सर्व्हरला आज्ञा देतं, प्लगइन ती पाळतं. अशा टूल्सच्या काही आवृत्त्यांत फॉन्ट, वजन, साइज, लाइन हाइट, अक्षरांमधलं अंतर अशा प्रत्येक गोष्टीसाठी वेगळी आज्ञा आहे.

म्हणजे एजंटच्या लेखी तुमचं हेडिंग ही एक चौकट आहे, आणि त्या चौकटीला चिकटलेले काही आकडे. तो आकडे वाचतो, आकडे बदलतो आणि ‘झालं’ म्हणतो. गडबड होते ती इथेच.

एकाच चौकटीत ‘प्रवेश’ साधा आणि ‘विनामूल्य’ बोल्ड असेल, तर फिग्मा त्या चौकटीचा फॉन्ट ‘मिश्र’ आहे असं सांगतं. एजंटने अख्ख्या चौकटीला एकच फॉन्ट लावला की तुमचं बोल्ड गेलं. दुसरा घोळ जास्त चिवट. तुम्ही नीट टेक्स्ट स्टाइल बनवून ठेवली असेल आणि एजंटने ती स्टाइल न बदलता चाळीस चौकटींचे आकडे सुटे सुटे बदलले, तर आज सगळं सारखंच दिसतं. पण त्या चौकटींचं स्टाइलशी नातं तुटलेलं असतं. परवा तुम्ही स्टाइल बदलाल तेव्हा या चाळीस जणी जागच्या हलणार नाहीत. म्हणून सांगतानाच ‘चौकटी नको, स्टाइल बदल’ असं स्पष्ट सांगायचं. आणि त्याआधी पेजची एक कॉपी करून ठेवायची, हे वेगळं सांगायला नकोच.

इथपर्यंतची कटकट जगभरातल्या डिझायनरांची आहे. मराठी पोस्टर करणाऱ्यांची याच्या पुढे सुरू होते.

इंग्रजी हेडिंग ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमध्ये अंतर सोडतात, छान दिसतं. तोच आकडा देवनागरीला लावला की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ‘सगळं कॅपिटल कर’ म्हटलं तर मराठीत काहीच घडत नाही, कारण आपल्याकडे कॅपिटल नाहीच. एजंट मात्र काम फत्ते झाल्याचं कळवतो. इटॅलिक मागाल तर बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये ते नसतंच. लाइन हाइटचं तर विचारू नका. इंग्रजी हेडिंगला शोभणारा १०० टक्क्यांचा आकडा दोन ओळींच्या मराठी हेडिंगला दिला, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो.

सगळ्यात फसवा प्रकार फॉन्टच्या नावाचा. रोबोटोमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत. तरी मराठी मजकुराला रोबोटो लावला तर फिग्मा ती अक्षरं गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून भरतं आणि नाव रोबोटोचंच ठेवतं. एजंट नाव वाचून खूश. तुम्हाला फक्त ‘काहीतरी विचित्र दिसतंय’ एवढंच जाणवतं. त्यापेक्षा मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता किंवा बलू, नाहीतर इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स घ्या. यांत देवनागरी आणि रोमन दोन्ही एकमेकांशी जुळवून काढलेली आहेत, आणि सगळे फुकट मिळतात.

मग ‘ल’ आणि ‘श’. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयानुसार मराठीचा ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा. युनिकोडमध्ये मात्र मराठी आणि हिंदी ‘ल’साठी एकच क्रमांक आहे, तो कुठल्या वळणाचा दिसणार हे फॉन्ट ठरवतो. त्यामुळे एजंटने फॉन्ट बदलला की मजकुराचं एक अक्षरही न बदलता पोस्टर हिंदी वळणाचं होऊ शकतं. आकड्यांच्या यादीत हे कुठेच दिसत नाही. फ्रेमचं चित्र काढून मॉडेलला दाखवलं तर मोठी टक्कर त्याला कळू शकते, पण ‘ल’ची पाकळी बघायची तर त्याला आधी तुम्हीच सांगायला हवं. म्हणजे ती तुम्हाला दिसायला हवी.

आता प्रश्न पहिल्या इंटर्नशिपचा. ‘साठ स्क्रीनवर हा बदल करून आण’ हेच तर इंटर्नचं काम असायचं. कंटाळवाणं होतं, कबूल. पण साठ वेळा तेच हेडिंग समोर आल्यावर पंचेचाळिसाव्या वेळी कधीतरी दिसायचं, की वेलांटी कापली जातेय. नजर तयार व्हायची ती या हमालीतून. हमाली गेली याचं मला अजिबात वाईट वाटत नाही, नजर कुठून येणार याची काळजी मात्र वाटते. कारण एजंट चालवता येणारी मुलं तर प्रत्येक वर्गात असतील. मराठी हेडिंग बघून ‘हे तुटलंय’ म्हणणारी किती असतील?

इंटर्नशिपला असाल तर आणखी एक: क्लायंटची फाइल एजंटला जोडण्याआधी वरिष्ठांना विचारा. फाइलमधला मजकूर बाहेरच्या मॉडेलकडे जातो, आणि सगळ्या कंपन्यांना ते चालत नाही.

बाकी करून बघायला खर्च नाही. विद्यार्थ्यांना फिग्माचा एज्युकेशन प्लॅन मोफत आहे. नवी फाइल उघडा आणि ‘शत्रूंशी कर्तृत्व’ अशी एक ओळ, तिच्या खाली ‘मूर्तींची ऱ्हस्व पाठ्यपुस्तकं’ अशी दुसरी लिहा. अर्थ शोधू नका, वर-खाली जेवढं चिकटू शकतं तेवढं यात कोंबलंय. आधी हाताने ते नीट बसवा, लाइन हाइट किती लागली ते वहीत टिपा. मग एजंटला सांगा, ‘याला छान हेडिंग कर,’ आणि त्याने कोणता आकडा निवडला ते बघा.