“भाऊ, याला बेसच नाही!” तेव्हा काय कराल?

मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचं ठरवताय? मग हे वाक्य तुम्हाला ऐकावंच लागणार: “भाऊ, या इअरफोनला बेसच नाही, बदलून द्या.”

लगेच बदलून देऊ नका, वादही घालू नका. आधी रबर बघा. कानात जाणाऱ्या इअरफोनचा बेस रबर कानात किती घट्ट बसतं यावर असतो. फट राहिली की बेस निसटतो, बाहेरचा गोंगाट आत येतो आणि ग्राहक व्हॉल्यूम वाढवत बसतो.

बहुतेक बॉक्समध्ये रबराचे ३ साइज येतात. लावलेला असतो मधला. बाकीचे पाकिटातच राहतात. म्हणून विकतानाच हे करा:

१. दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून इअरफोन बसवायला सांगा.
२. बेस कमी वाटला तर मोठं रबर, दुखलं तर लहान. दोन्ही कानांना वेगळा साइजही लागू शकतो.
३. एका बाजूचा आवाज कमी असेल तर जाळी बघा. मळ साचला असेल तर कोरड्या मऊ ब्रशने, जाळी खाली धरून झाडा. पाणी नको.

डेमो पीसचं रबर मात्र प्रत्येक ग्राहकानंतर बदला, नाहीतर पुसून घ्या. कानाचा मामला आहे!

फोडलेला बॉक्स परत आला की तो नवा म्हणून विकता येत नाही. तुमचं मार्जिन तिथेच गेलं. दोन मिनिटं देऊन ते वाचवा. ऐकून बघितलेला ग्राहक तक्रार घेऊन नाही, मित्राला घेऊन येतो.