अर्जाची मंजुरी म्हणजे व्हिसा नव्हे

अमेरिकेत राहणाऱ्या जोडीदाराने भरलेला ‘आय-१३०’ अर्ज मंजूर झाला की व्हिसा मिळाला, असा समज अनेक कुटुंबांत असतो. प्रत्यक्षात या मंजुरीने फक्त पती-पत्नीचे नाते मान्य होते. व्हिसाचा अर्ज, कागदपत्रांची छाननी, वैद्यकीय तपासणी आणि वाणिज्य दूतावासातली मुलाखत हे टप्पे अजून बाकी असतात.

किती थांबावे लागेल, हे अर्ज करणारा कोण यावर ठरते. तो अमेरिकी नागरिक असेल, तर व्हिसांच्या संख्येला वार्षिक मर्यादा नसते. वेळ जातो तो प्रक्रियेत. तो ग्रीनकार्डधारक (कायम वास्तव्याचा परवाना असलेला) असेल, तर मर्यादा लागू होते आणि क्रम ‘प्रायॉरिटी डेट’नुसार (अर्ज दाखल झाल्याच्या तारखेनुसार) लागतो. दवाखान्यात नंबर लावण्यासारखेच हे आहे: नाव नोंदवले तेव्हापासून क्रम धरला जातो. कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली, हे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या मासिक ‘व्हिसा बुलेटिन’मध्ये कळते. दरम्यान जोडीदाराला नागरिकत्व मिळाले, तर ते लगेच कळवावे. मग ही मर्यादा उरत नाही.

व्हिसा हाती येईपर्यंत नोकरी सोडू नये, घर विकू नये आणि पैसे परत न मिळणारे विमानाचे तिकीट काढू नये.