दुखणे मनाचे, तक्रार शरीराची

मन खचले की माणसे 'मन खचले' असे क्वचितच सांगतात. डोके दुखते, झोप लागत नाही, अंगात त्राण नाही, असेच सांगतात. आर्थर क्लाइनमन यांनी चीनच्या हुनान प्रांतात 'मज्जादौर्बल्य' असे निदान झालेले १०० रुग्ण तपासले. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांतील ८७ जणांना तीव्र नैराश्य आढळले. वेडाचा शिक्का टळावा म्हणून शरीराची तक्रार सोयीची ठरते. परमुलखात भाषेची अडचणही असते.

आपल्या गोंदिया जिल्ह्यातही गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिबेटी वैद्यक अशा अस्वस्थतेला 'लुंग', म्हणजे वायूचा बिघाड मानते.

सालेकसासारख्या आदिवासी तालुक्यात पुजारी जवळचा वाटतो, कारण तो आपल्या बोलीत ऐकून घेतो. त्याची टिंगल केल्यास कुटुंब दुरावते आणि उपचार लांबतो. वर्गातील एखाद्या मुलाचे पोट वारंवार दुखत असेल, तर प्रथम आरोग्य केंद्रात तपासणी करवावी. दोष न सापडल्यास त्याला 'ढोंगी' म्हणू नये. दुखणे खरेच असते. घरची विचारपूस करावी. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो.