भोपळ्यातला वारा

वारली चित्र ज्याने कधी पाहिलं नाही असा मराठी माणूस आता सापडणं कठीण. साड्यांवर, दिवाळीच्या पणत्यांवर, शाळांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर ती पांढरी माणसं एकमेकांच्या कमरेला हात घालून गोल गोल फिरत असतात. त्या वेटोळ्याच्या मध्यावर एकजण उभा असतो आणि त्याच्या तोंडाला शिंगासारखं लांब, पुढे फाकलेलं वाद्य लावलेलं असतं. तो तारपकरी आणि ते वाद्य तारपा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हा नाच आयुष्यभर रंगवला. 1989 साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्र जगभर गेलं, पण चित्राला आवाज नसतो. तारपा पाहिलेले लोक लाखोंनी असतील, ऐकलेले त्यामानाने फारच थोडे. पालघर जिल्ह्यातलं हे वाद्य शोभेची खूण होऊन बसलं आहे आणि त्याचं संगीत म्हणून कौतुक करायचं आपण विसरलो आहोत, असं मला वाटतं.

मुळात ही बनावट किती हुशारीची आहे ते बघा. वरच्या टोकाला सुकवून पोकळ केलेला दुधी भोपळा. हा वाऱ्याचा साठा. त्याला एक भोक, तिथे तोंड लावून फुंकायचं. भोपळ्याच्या खालच्या अंगाने बांबूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी आत घातलेल्या असतात, एक नर आणि एक मादी. नळ्यांच्या आतल्या टोकांना बोरूसारख्या बारीक नळीला चीर देऊन कापलेल्या जिभा बसवतात. भोपळ्यात वारा भरला की या जिभा थरथरतात आणि सूर निघतो. नळ्यांना बोटांसाठी भोकं पाडलेली असतात. सगळे सांधे मेणाने बुजवायचे, कारण सुईच्या टोकाएवढ्या फटीतून वारा निसटला तरी वाद्य बोलेनासं होतं. शेवटी नळ्यांच्या तोंडाशी ताडाची पानं गुंडाळून, एकात एक अडकवून लांबलचक कर्णा तयार करायचा. हा कर्णा आवाज मोठा करतो आणि त्याला तो घुमणारा, किंचित नाकातला भारदस्तपणा देतो.

या सगळ्यात कारखान्यात बनलेली एकही वस्तू नाही. भोपळा परसातला, बांबू रानातला, मेण मधमाश्यांचं, पानं ताडाची. त्यामुळे प्रत्येक तारप्याची पट्टी वेगळी. भोपळा जेवढा आणि जसा मिळेल, जीभ जेवढी पातळ तासली जाईल, त्यावर सूर ठरतो. बनवणारा आणि वाजवणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो. मेण सुटलं किंवा जीभ दमट होऊन बसली तर ते त्याचं त्यालाच दुरुस्त करता यावं लागतं.

युरोपातल्या चर्चमधला मोठा ऑर्गन आणि हा तारपा दिसायला एकमेकांपासून दूर, पण आतली रचना बघितली तर नातं लक्षात येतं. पॅरिसच्या सँ-सुल्पिस चर्चमध्ये काव्हाये-कोल या कारागिराने 1862 साली पूर्ण केलेला ऑर्गन आहे. तिथेही भात्यांनी वारा पुरवायचा, तो पेटीत साठवायचा, मग नळ्यांतून सोडायचा. त्यातल्या कित्येक नळ्यांत जिभाच थरथरतात. फ्रान्सच्या ऑर्गनवादकांची ख्याती अशी, की समोर कागद नसताना जागच्या जागी रचना उभी करायची. वादक आणि रचनाकार तिथे एकच. त्यांच्यातल्या ऑलिव्हिए मेसियाँ यांनी 1931 पासून 1992 मध्ये निधन होईपर्यंत पॅरिसमधल्या त्रिनिते चर्चचा ऑर्गन सांभाळला. त्यांनी आपल्या रचनांमध्ये वापरलेले देशी ताल मूळचे शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तले, म्हणजे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिलेल्या ग्रंथातले. एका फ्रेंच संगीतकोशात छापलेल्या तक्त्यातून ते त्यांच्या हाती आले. जे लिहिलं गेलं ते सातशे वर्षांनी पॅरिसच्या ऑर्गनपर्यंत पोचलं. देवगिरीला पॅरिसपेक्षा कितीतरी जवळ असलेल्या जव्हार-डहाणूच्या डोंगरांतलं तारप्याचं संगीत मात्र कोणत्या तक्त्यात बसलं नाही. ते बोटांत, श्वासात आणि नाचणाऱ्यांच्या पायांत राहिलं.

श्वासाबद्दल तर सांगायलाच हवं. तारपा एकदा सुरू झाला की मध्ये थांबत नाही. वादक गालांत साठवलेली हवा भोपळ्यात ढकलत राहतो आणि त्याच क्षणी नाकाने नवा श्वास आत घेतो. हे तासन्‌तास. ऑर्गनचा भाता ओढायला एके काळी वेगळी माणसं ठेवावी लागत. इथे भाताही वादकाचीच छाती. दोन्ही नळ्या एकदम बोलत असल्याने एकट्या माणसाकडून एकाहून जास्त सूर एकत्र निघतात. वर त्याला वाद्य हलवत, वाकत, डोलत, नाचणाऱ्यांबरोबर फिरायचंही असतं.

नाचात हुकूम तारप्याचा चालतो. मुली आणि मुलगे साखळी धरतात, पुढे घुंगरू लावलेली काठी आपटत एकजण चालतो आणि कोणीही तारप्याकडे पाठ करत नाही. वादकाने सुरावट बदलली की पावलं बदलतात. या सुरावटींना चाळे म्हणतात; मोराचा चाळा त्यातलाच एक. कधी कोणता चाळा घ्यायचा, किती लांबवायचा, साखळी दमली की गती कुठे सैल करायची, हे आधी ठरलेलं नसतं. वादक माणसांकडे बघत रात्र रचत जातो. मी याला रचनाकाराचंच काम म्हणते, आणि ते लोकसंगीताच्या खात्यात टाकून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं.

तारप्याला ऋतू आहे. भाद्रपदात हळवी भातं पिकू लागली, नवं धान्य आलं, की तो बाहेर निघतो आणि दिवाळीपर्यंत पाड्यापाड्यावर वाजतो. धान्याची देवी कणसरी, वाघदेव, हिरवा देव यांच्याशी तो जोडलेला आहे. भाताचं चक्र हेच त्याचं कॅलेंडर. म्हणून भाताचं चक्र ढळलं की तारप्यालाही धक्का बसतो. बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली, तारापूरला 1969 मध्ये देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. आसपासच्या गावांतली तरुण पोरं पाळीवर जाऊ लागली. रात्रपाळी असलेल्या माणसाला रात्रभराचा नाच परवडत नाही. डोंगराकडच्या जव्हार-मोखाड्यातून दिवाळी सरली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. लग्नांत डीजे आला. शिकणाऱ्याला वडिलांशेजारी बसून ऐकायला जो रिकामा वेळ लागतो, तोच कमी झाला.

तरीही परंपरा तुटलेली नाही, आणि याचं मोठं श्रेय जव्हार तालुक्यातल्या वाळवंडा गावच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना आहे. तारपा त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचा. लहानपणी हाती घेतलेलं वाद्य त्यांनी नव्वदीपर्यंत सोडलेलं नाही, आणि तारपे ते स्वतः बनवतात. माणसापेक्षाही लांब तारपा घेऊन उभे असलेले त्यांचे फोटो अनेकांनी पाहिले असतील. संगीत नाटक अकादमीने त्यांना पुरस्कार दिला आणि 2026 च्या प्रजासत्ताक दिनाच्या यादीत पद्मश्रीसाठी त्यांचं नाव आलं. चित्रातल्या तारप्याला 2011 मध्ये जो मान मिळाला, तो वाजणाऱ्या तारप्याला मिळायला आणखी पंधरा वर्षं लागली.

सन्मानाबरोबर मंचही येतो, आणि मंचाची मला थोडी काळजी वाटते. महोत्सवात तारप्याला पाच-दहा मिनिटं मिळतात. समोर ध्वनिक्षेपक, नाचणारे एका रांगेत, प्रेक्षक खुर्च्यांवर. एवढ्या वेळात एखादा चाळा जेमतेम जमतो, रात्र रचणं तर दूरच. वयस्कर तारपकऱ्यांचे सगळे चाळे, पूर्ण लांबीचे, नाचासकट ध्वनिमुद्रित व्हायला हवेत. जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमध्ये भित्तिचित्रांबरोबर भोपळ्याचे वेल आणि तारपा शिकवणारा माणूसही हवा, आणि त्या माणसाला पगार हवा.

ऐकायचाच असेल तर पालघर स्टेशनला उतरून मनोर, विक्रमगडमार्गे जव्हारचा रस्ता धरावा. भात कापणीच्या सुमारास, पाड्यावर ओळखीचं कोणी असेल तर त्यांना विचारून, रात्रीच्या मुक्कामाच्या तयारीनेच जावं, कारण चाळे एकामागून एक उलगडत जायला वेळ लागतो.